हॉर्न बदलण्यापूर्वी अर्थिंग तपासावे

ऐरोलीत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्या 2008 सालच्या गाडीचा हॉर्न पावसाळ्यानंतर बसका वाजतो, इंजिन चालू असताना थोडा सुधारतो आणि गॅरेजमध्ये हॉर्नची जोडी बदलण्याचा सल्ला मिळाला आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते इतक्यात खर्च करू नये. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट असतात आणि अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) फिरू लागला की ते 14 च्या जवळ जातात. तेवढ्यानेच आवाज सुधारत असेल, तर एकतर बॅटरी थकली आहे किंवा वाटेत कुठेतरी व्होल्टेज गळते आहे.

हॉर्न साधारण 4 अँपिअर करंट घेतो, त्यामुळे गंजलेल्या जोडातला अर्धा ओहमचा अडथळासुद्धा 2 व्होल्ट खाऊन टाकतो. एकच वायर असलेल्या हॉर्नला अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत जाण्याची वाट, मिळतो तो त्याच्या पट्टीतून आणि बोल्टमधून. खाडीकाठच्या खारट, दमट हवेत नेमका तोच बोल्ट आधी गंजतो. कळव्यात राहत असताना मी स्वतः एक हॉर्न विनाकारण बदलला होता, दोष निघाला तो या बोल्टखालच्या गंजात. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड वायर त्या पट्टीला टेकवून हॉर्न वाजवावा. आवाज खणखणीत आला, तर पट्टी आणि बोल्टची जागा पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वर थोडे ग्रीस लावले की काम झाले.

फरक पडला नाही, तर मध्ये फ्यूज असलेल्या वायरीने हॉर्नला बॅटरीवरून थेट सप्लाय द्यावा. तरीही तो घोगराच वाजला, तर आतला पडदा किंवा संपर्कबिंदू गेले आहेत, असे समजावे. मागचा स्क्रू पाव फेरा फिरवून कधी कधी आवाज परत येतो, पण तो उपाय फार काळ टिकत नाही. जोडीतला एकच हॉर्न मुका झाल्यानेही आवाज किरटा येतो, म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासावेत.

थेट सप्लायवर हॉर्न व्यवस्थित वाजला, तर रिले (बटणाच्या छोट्या करंटवर हॉर्नचा मोठा करंट चालू करणारा स्विच) असल्यास तशाच दुसऱ्या रिलेशी तो अदलाबदल करून पाहावा. स्टीअरिंग वळवताना आवाज तुटत असेल, तर संशय स्टीअरिंगमधल्या संपर्कावर. मात्र एअरबॅग असलेल्या गाडीत ते काम घरी करू नये.

हॉर्न वाजत असताना त्याच्या टोकांवर आणि बॅटरीवर किती व्होल्ट मिळतात, हे इंजिन बंद ठेवून मोजावे आणि दोन्ही आकडे येथे कळवावेत.