डब्ल्यूडब्ल्यूईने एनडब्ल्यूओ परत आणला, तर चालेल का?

पहिल्या रात्री चालेल. १९९६ मधल्या त्या खलनायक पैलवानांच्या टोळीची काळी-पांढरी अक्षरं पडद्यावर झळकली की लोक स्टेडियम डोक्यावर घेतील. तिसऱ्या आठवड्यात तेच लोक मोबाइल बघत बसतील. तुम्ही प्रश्नात म्हटलंय की चार-पाच तरणे पैलवान घ्यायचे, मूळ टोळीतल्या केव्हिन नॅशला म्होरक्या म्हणून रिंगबाहेर उभं करायचं, सगळ्यांना काळे टी-शर्ट चढवायचे, की झालं काम. माझ्या मते यातला टी-शर्ट तेवढा परत आणता येतो. बाकी काही येत नाही.

१९९६ साली मी सांगलीत नववीला होतो. आमचं या कुस्तीचं सगळं ज्ञान ट्रंप कार्डांवरचं. उंची, वजन, छाती, दंड, लढती किती, जिंकल्या किती. रेझर रॅमन आणि डिझेल ही नावं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ. पैलवान म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचा, आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचा. असलं दुसरंही एक दुकान अमेरिकेत चालतं, हे आमच्या गावीही नव्हतं. आणि मग एकदा केबलवर भलत्याच कुठल्या तरी कार्यक्रमात रेझर रॅमन दिसला. कार्डावरचं नाव नाही, चड्डी नाही, डेनिम घालून प्रेक्षकांमधून चालत येतोय. आमच्या गल्लीत त्यावरून आठवडाभर भांडण झालं. हा तिकडून पळून आलाय, की त्यांनीच पाठवलाय?

आमच्यापर्यंत ते शिळं होऊन पोचलं होतं, पण प्रत्यक्ष घडलं तेव्हा अमेरिकेतल्या प्रेक्षकालाही नेमका हाच प्रश्न पडला होता. एनडब्ल्यूओची सगळी ताकद त्या प्रश्नात होती.

२७ मे १९९६ ची रात्र. जॉर्जियातल्या मेकन शहरात डब्ल्यूसीडब्ल्यू या त्या दुसऱ्या दुकानाचा 'नायट्रो' हा कार्यक्रम चालू होता. दोन दुय्यम पैलवानांची लढत सुरू असताना स्कॉट हॉल, म्हणजे आमचा रेझर रॅमन, प्रेक्षकांतून उठून रिंगमध्ये आला आणि माइक हातात घेऊन सरळ युद्धाची भाषा करू लागला. स्वतःचं नाव काही सांगितलं नाही. दोन आठवड्यांनी नॅश, म्हणजे डिझेल, आला. हे दोघे नुकतेच डब्ल्यूडब्ल्यूएफ सोडून आलेत, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. इंटरनेट होतं, पण ते मूठभर लोकांचं. बाकीच्यांना हा शेजारच्या कंपनीचा हल्लाच वाटला, इतका की डब्ल्यूडब्ल्यूएफने कायद्याची भाषा सुरू केली. मग जूनमधल्या 'ग्रेट अमेरिकन बॅश'मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूचा कारभार बघणाऱ्या एरिक बिशॉफने कॅमेऱ्यासमोर दोघांना विचारलं की तुम्ही त्या कंपनीचे नोकर आहात का. दोघे नाही म्हणाले. वकिलांचं समाधान करायला ते पुरेसं असेल, पण त्यानंतर लगेच नॅशने बिशॉफला उचलून स्टेजवरून खाली टेबलावर आपटलं. तेवढा नकार कोण लक्षात ठेवतो?

आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, ती ही. निकाल आधी ठरलेला. प्रेक्षकालाही ते माहीत असतं आणि तो तरी पैसे देऊन बसतो. पण १९९६ च्या त्या उन्हाळ्यात काही आठवडे त्याच प्रेक्षकाला खात्री देता येत नव्हती की हेही ठरलेलंच आहे. नुरा कुस्तीच्या आखाड्यात कुणी तरी खरं भांडण घेऊन शिरलंय, ही शंका. ती एकदा फिटली की पुन्हा येत नाही.

त्यात ७ जुलैला डेटोना बीच शहरात हॉल-नॅशचा 'तिसरा माणूस' म्हणून हल्क होगन निघाला. १९८४ पासून पिवळ्या-लाल कपड्यांत पोरांना प्रार्थना करा, जीवनसत्त्वं घ्या असं सांगणारा होगन. त्याने नायकांच्या बाजूच्या रँडी सॅव्हेजवर पाय टाकला आणि लोकांनी हाताला लागेल ते रिंगमध्ये भिरकावलं: पेले, बाटल्या, कागद. त्या कचऱ्यात उभा राहून तो बोलला. बारा वर्षं साठवलेलं लोकांचं प्रेम एका रात्रीत उधळून टाकलं, म्हणून तो आवाज झाला. आता तुम्हीच सांगा, तुमच्या चार-पाच तरण्यांपैकी कुणाच्या खात्यात बारा वर्षं जमा आहेत?

जॉन सीनाच्या खात्यात होती, आणि तो प्रयोगही होऊन गेला. १ मार्च २०२५ ला टोरोंटोत सीनाने नायक कोडी ऱ्होड्सला दगा दिला. धक्का अस्सल होता, मीही सोफ्यावरून उठलो. पुढे काय? त्याच्यामागे टोळी उभी राहिली नाही, ज्याच्या बाजूने तो गेला तो रॉक दिसेनासा झाला, आणि ऑगस्टमध्ये सीना पुन्हा सज्जन. धक्का देणं एक, आणि तो पुढचं वर्षभर पोसणं वेगळं.

डब्ल्यूसीडब्ल्यूने तो पोसला, हे मान्य करायला हवं. 'नायट्रो'ने सलग ८३ आठवडे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या 'रॉ' या कार्यक्रमाला प्रेक्षकसंख्येत मागे टाकलं. पण त्याच काळात मूळ कंपूच फुगत गेला. बिशॉफ स्वतः आला, एक पंच आला, द जायंट आला, बॅगवेल, नॉर्टन, व्हिन्सेंट आले. १९९८ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले, काळा-पांढरा आणि काळा-लाल. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या ज्या स्टिंगने वर्षभर छतावरून खाली बघत या टोळीशी अबोल वैर धरलं होतं, तोच लाल टी-शर्ट घालून तुकड्यात सामील! ४ जानेवारी १९९९ ला होगनने नॅशच्या छातीला एक बोट लावलं, नॅश आडवा झाला, अजिंक्यपदाचा पट्टा होगनकडे. त्या बोटाची थट्टा आजही चालते. मुद्दा असा की ही गोष्ट अर्धवट राहिलेली नाही. चघळून चोथा झालेली आहे. १९९९ च्या डिसेंबरात ब्रेट हार्ट आणि जेफ जॅरेटला घेऊन पुन्हा मांडली, ती तर आठवड्यांत विरली.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर २००२ मध्ये मिळून गेलंय. नॅश किंवा होगन थकले म्हणून तो प्रयोग फसला असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही.

तोपर्यंत डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक व्हिन्स मॅकमनने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतलेली होती. शत्रूचं दुकानच बंद. १७ फेब्रुवारी २००२ ला मिलवॉकीत त्याने होगन, हॉल आणि नॅश, तिघेही अस्सल, परत आणले. तुमच्या कल्पनेपेक्षा हे कितीतरी भक्कम होतं. पैशाची कमी नाही, मूळ माणसं हजर. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रॉकला बेदम मारलं, आणि त्याला ज्या रुग्णवाहिकेत घातलं तिच्यावर होगनने ट्रक घातला. ट्रक! खलनायक याहून किती काळा रंगवणार?

आणि बरोबर चार आठवड्यांनी, १७ मार्चला टोरोंटोच्या स्कायडोममध्ये रेसलमेनियात, म्हणजे वर्षाच्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, रॉक विरुद्ध होगन. ६८ हजारांवर माणूस. घंटा वाजायच्या आधीच तो सगळा जमाव होगनच्या बाजूने. रॉकला हुर्यो, होगनने नुसतं कानाला हात लावला तरी गर्जना. दोघेही मुरलेले, त्यांनी लढत चालू असतानाच रंग बदलला; रॉक थोडा माजोरडा झाला, होगन जुन्या हावभावांवर आला. शेवटी होगन हरला, हॉल-नॅशनी त्यालाच धुतलं, रॉक मदतीला धावला. पाच आठवड्यांत होगन पिवळ्या-लाल कपड्यांत पुन्हा अजिंक्यवीर झाला होता. (गंमत म्हणजे सीनाचा दगा घडला तोही याच इमारतीत. फक्त नाव बदललंय, आता रॉजर्स सेंटर.)

टोरोंटोच्या लोकांनी तिथे टोळीला नाकारलं नव्हतं. त्यांचं तिच्यावर प्रेम होतं, आणि तिथेच सगळं बिघडलं. एनडब्ल्यूओ चालला तो लोक त्याला भ्यायले, चिडले म्हणून. आणि पुनरुज्जीवन होतं ते लोकांना तो आवडतो म्हणून. ज्याला बघून माणसाला आपलं बालपण आठवतं त्याच्यावर पेला कोण फेकणार? तुमच्या-माझ्यासारखे लोक पहिल्याच रात्री दोन बोटं वर करून ती जुनी खूण करणार. म्हणजे टोळी रिंगमध्ये पोचायच्या आत नायक झालेली असेल, आणि मग तिने कुणाशी लढायचं?

बाकीचं पटापट संपलं. मे महिन्यात हॉलची नोकरी गेली. कंपूत बिग शो, बुकर टी, शॉन मायकल्स, एक्स-पॅक अशी भरती चालू राहिली. ८ जुलैला नॅश दुखापतीतून परतला आणि रिंगमध्ये उतरल्यावर काही सेकंदांतच त्याच्या मांडीचा स्नायू फाटला. १५ जुलैला मॅकमनने टोळी बरखास्त केली. एकूण पाच महिने. नंतर टीएनए या दुसऱ्या कंपनीत २०१० मध्ये हॉल, नॅश आणि वॉल्टमन (म्हणजे एक्स-पॅक) वेगळ्या नावाने एकत्र आले, त्याबद्दल न बोललेलं बरं. २०१५ च्या रेसलमेनियात स्टिंग आणि ट्रिपल एचच्या लढतीत होगन, हॉल आणि नॅश येऊन गेले. ते मला आवडलं होतं, कारण ती एका रात्रीपुरती हजेरी होती. पुढच्या सोमवारच्या 'रॉ'चं ओझं नव्हतं.

आता माणसं तरी कुठे आहेत? हॉल मार्च २०२२ मध्ये गेला, होगन जुलै २०२५ मध्ये. त्याआधी जानेवारीत नेटफ्लिक्सवरच्या पहिल्या 'रॉ'ला होगन आला, तेव्हा लॉस एंजेलिसच्या लोकांनी त्याची मनापासून हुर्यो उडवली. २०१५ मध्ये उघड झालेलं त्याचं वर्णद्वेषी बोलणं आणि त्याचं राजकारण लोक विसरले नव्हते. असला राग तिकिटं खपवायच्या कामाचा नसतो.

कुणी तरी खाली प्रतिक्रियांत एलडब्ल्यूओ या लॅटिनो पैलवानांच्या टोळीचं उदाहरण देईलच, म्हणून आधीच बोलतो. २०२३ मध्ये रे मिस्टेरिओने ते नाव परत आणलं आणि ते बऱ्यापैकी चाललं. प्वेर्तो रिकोतल्या 'बॅकलॅश'मध्ये गायक बॅड बनीच्या लढतीत ते आले तेव्हा सभागृह हादरत होतं. पण मूळ एलडब्ल्यूओ आठवा. एडी गरेरोने १९९८ मध्ये सुरू केलेला, १९९९ च्या पहिल्याच दिवशी त्याला मोटार अपघात झाला आणि सगळं अर्ध्यावर थांबलं. तिथे काही शिल्लक होतं. शिवाय रे आणि त्याचे साथीदार नायक म्हणूनच आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या तर बिघडण्यासारखं काही नव्हतंच. जपानात २०१३ मध्ये सुरू झालेल्या बुलेट क्लब या टोळीने तर आणखी शहाणपणा केला: बोटांची खूण उचलली, दांडगाई उचलली, नाव मात्र स्वतःचं ठेवलं. परदेशी पैलवान एकत्र येऊन जपानी कंपनीला छळतायत, ही गोष्ट त्यांची स्वतःची होती.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही शील्ड परत आणण्याबद्दलही विचारलंय, म्हणजे रोमन रेन्स, सेथ रॉलिन्स आणि डीन अॅम्ब्रोज या तिघांच्या टोळीबद्दल. त्यांचं नशीबच फुटकं. ऑक्टोबर २०१७ मध्ये परत एकत्र आले, तर मोठ्या लढतीच्या तोंडावर रोमन रेन्स आजारी पडला आणि कर्ट अँगलला त्यांच्यासोबत उतरवावं लागलं. डिसेंबरात अॅम्ब्रोज जखमी. ऑगस्ट २०१८ मध्ये पुन्हा जमले, तर ऑक्टोबरात रोमनने ल्युकेमिया झाल्याचं सांगितलं, आणि त्याच रात्री अॅम्ब्रोजने रॉलिन्सवर हात टाकला. २०१९ मध्ये निरोपाची लढत झाली आणि अॅम्ब्रोज जॉन मॉक्सली नावाने एईडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. तो उद्या कसलीही जाहिरात न होता, साध्या जीन्सवर, प्रेक्षकांतून चालत 'रॉ'च्या रिंगमध्ये आला आणि करार संपल्याचं कुणाला माहीतच नसलं, तर हाच प्रश्न मला पुन्हा विचारा.