वापरलेलं कूलिंगचं मशीन घेताना

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

धंद्यासाठी जुना डीप फ्रीझर, काचेच्या दाराचा कूलर आणि एसी घ्यायचं तू ठरवलं आहेस. विक्रेता म्हणेल, "आत हात घालून बघा, किती गार आहे." त्या गारव्यावर भुलू नकोस. रात्रभर चालू ठेवलेलं अर्धमेलं मशीनही सकाळी गारच लागतं. आदल्या दिवशीच फोन करून सांग की मशीन २४ तास बंद, रिकामं आणि दार उघडं ठेवा, मी आल्यावर चालू करू. इथेच समोरचा टाळाटाळ करू लागला तर तुझी फेरी वाचली. पोचल्यावर आधी कॉम्प्रेसरला हात लाव. तो कोमट असेल तर सांगितलेलं पाळलेलं नाही.

चालू करताना क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र, एकाच तारेभोवती अडकव. पूर्ण केबलभोवती लावलास तर मीटर शून्यच दाखवेल. सुरुवातीला करंट क्षणभर उसळतो आणि खाली येतो. नंतरचा आकडा नेमप्लेटवरच्या (मशीनवरच्या माहितीच्या पट्टीवरच्या) अँपिअरशी ताडून पाहा. बराच वेळ तो वरच राहिला तर कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, धुळीने बुजलेला असेल, फॅन मंद असेल, व्होल्टेज कमी मिळत असेल किंवा कॉम्प्रेसर आतून घासत असेल. पहिली तिन्ही कारणं स्वस्तात सुटतात, चौथं नाही. म्हणून कंडेन्सर साफ करून घे आणि पुन्हा मोज. करंट फारच कमी आणि गारवाही नाही, असं असेल तर गॅस उडालेला आहे किंवा कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह गळके आहेत. असा कॉम्प्रेसर फिरतो, आवाजही करतो, पण दाब तयार करत नाही.

आता आत थर्मामीटर ठेव आणि दर १५ मिनिटांनी आकडा लिहून काढ. कूलर ४-५ अंशांपर्यंत आणि फ्रीझर उणे १८ च्या खाली जायला हवा. पण खरी परीक्षा त्यानंतरची आहे: ठरलेलं तापमान आल्यावर कॉम्प्रेसर आपोआप बंद झाला पाहिजे. रिकामा असताना जो थांबत नाही, तो माल भरल्यावर आणि दिवसभर दार उघडझाप झाल्यावर काय करणार? बंद झाल्यावरही लगेच निघू नकोस, तो पुन्हा सुरू होईपर्यंत थांब. घरघर होऊन 'टक्' असा आवाज आला आणि करंट शून्यावर गेला, तर ओव्हरलोड, म्हणजे कॉम्प्रेसरला जळण्यापासून वाचवणारा स्विच, उडाला आहे. दोष कॉम्प्रेसर सुरू करून देणाऱ्या रिले-कपॅसिटरचा असू शकतो किंवा जाम होत आलेल्या कॉम्प्रेसरचा. विक्रेता अर्थातच कपॅसिटर म्हणेल. मग नवा बसवून तिथेच चालवून दाखवायला सांग.

कॉम्प्रेसरच्या मोटरचं वायंडिंग (तारेची गुंडाळी) मेकॅनिककडून तपासून घे. पुरवठा तोडायचा, कपॅसिटर डिस्चार्ज करायचा, तारा सोडायच्या आणि तिन्ही टर्मिनलमधला रोध मोजायचा. सिंगल फेज कॉम्प्रेसरमध्ये सगळ्यात मोठं रीडिंग बाकीच्या दोघांच्या बेरजेइतकं येतं. थ्री फेजमध्ये तिन्ही जवळपास सारखी येतात. नंतर टर्मिनल आणि बॉडी यांच्यात ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वीज बॉडीत गळते का ते तपासणारं यंत्र. तिथे रोध मेगओहममध्येच यायला हवा. सिस्टिम व्हॅक्यूममध्ये, म्हणजे आतली हवा काढून निर्वात केलेली, असताना मात्र मेगर लावू देऊ नकोस, आतल्या आत ठिणगी पडून वायंडिंग जळतं.

गॅसबद्दल एक वाक्य तुला हमखास ऐकू येईल: "थोडा गॅस कमी आहे, भरून देतो." गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळाला, आणि गळती न शोधता भरला तर पुन्हा गळणार. गॅसबरोबर तेलही फिरत असतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट धूळ चिकटते. फ्लेअर नट (पाइप जोडणारे नट), ब्रेझिंगचे (तापवून डाक दिलेले) जोड आणि कॉइलची वळणं टॉर्च घेऊन बघ. दुरुस्तीची योग्य रीत अशी: नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहायचं, गळती बंद करायची, नवा ड्रायर (ओल शोषणारा फिल्टर) बसवायचा, ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे निर्वाताचं माप) व्हॅक्यूम काढायचा, पंप बंद करून तो टिकतो का पाहायचं आणि मग नेमप्लेटवरच्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. गेज बघून अंदाजाने गॅस भरणाऱ्याकडून कॅपिलरीचा (गॅस बारीक नळीतून सोडणारा) छोटा फ्रीझर तर मुळीच करून घेऊ नकोस. त्यात थोड्या ग्रॅमांनीही फरक पडतो.

गॅस कोणता, हेही नेमप्लेटवर असतं. आर-२२ या जुन्या गॅसचं मशीन फुकटाच्या भावात मिळालं तरच विचार कर. मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांत त्याचा वापर २०२० पासून जवळपास थांबला, विकसनशील देशांत २०३० पर्यंत तीच वेळ येते. त्यात आर-४१०ए भरून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार कर. त्या गॅसचा दाब आर-२२ च्या साधारण १.६ पट असतो. आर-४०४ए मिळतो, पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ३९२२ पट आहे आणि २०१६ च्या किगाली दुरुस्तीने असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले आहेत. आर-२९० म्हणजे प्रोपेन. गारवा उत्तम, वीज कमी, पण ज्वलनशील. त्यावर काम करणारा मेकॅनिक तुझ्या भागात आहे का, ते आधी विचार. मूळ नेमप्लेट खरवडलेली किंवा नव्या स्टिकरखाली झाकलेली असेल तर मशीन सोड.

कॉम्प्रेसर बदलता येतो, भिजलेलं पफ इन्सुलेशन (भिंतींच्या आत भरलेला फोम) नाही. फ्रीझर तासभर चालल्यावर बाहेरच्या पत्र्यावरून तळहात फिरव. एखादाच भाग गार किंवा घामेजलेला लागला तर तिथलं पफ पाणी प्यायलंय किंवा पोकळ झालंय. दाराचा रबर कागदाने तपास: चारी बाजूंना पट्टी अडकवून दार लाव आणि ओढ, सहज निघाली तिथे फट आहे. रबर बदलणं स्वस्त आहे, पण दार वाकडं असेल तर नवा रबरही बसणार नाही. दुहेरी काचेच्या आत धुकं साचलेलं असेल तर तो काचेचा पॅनेलच बदलावा लागतो.

नेमप्लेटवर क्लायमेट क्लास, म्हणजे मशीन किती उकाड्यासाठी बनलंय ते सांगणारं अक्षर, शोध. 'एन' म्हणजे भोवतालचं तापमान ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. उकाड्याच्या जागी 'एन' मशीन घेतलंस तर ते निर्दोष असूनही उन्हाळ्यात थकेल. परदेशातून आलेलं असेल तर फ्रिक्वेन्सीही बघ. फक्त ६० हर्ट्झचं मशीन ५० वर सुमारे १७ टक्के हळू फिरतं, आणि त्याच व्होल्टेजवर मोटर जास्त तापते.

एसीत माझं मत स्पष्ट आहे: साधा, इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट जुना घ्यायला हरकत नाही. जुन्या इन्व्हर्टरचा बोर्ड गेला आणि तो मिळाला नाही, तर पूर्ण एसी भंगारात जातो. उतरवलेली व्हीआरएफ सिस्टिम (एका बाहेरच्या युनिटवर अनेक आतली युनिट चालवणारी) घेऊच नकोस. स्प्लिट उतरवताना पंप-डाउन करून, म्हणजे सगळा गॅस ओढून, तो बाहेरच्या युनिटमध्ये बंद केला का, आणि पाइपांची तोंडं लगेच बुचांनी बंद केली का, ते विचार. उघड्या पाइपातून शिरलेली ओल तेलाला नासवते.

किंमत ठरवताना रबर, कपॅसिटर, ड्रायर, गॅस, मजुरी आणि वाहतूक आधीच मिळव. मग वीज. जुनं मशीन नव्यापेक्षा सरासरी अर्धा किलोवॅट जास्त ओढत असेल आणि अखंड चालत असेल, तर वर्षाला ४३८० युनिट जादा. तुझ्या दराने गुणून बघ. बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते. वॉरंटी लेखी घे, आणि तिच्यात कॉम्प्रेसर आहे की फक्त गॅस, ते वाच.

फ्रीझर उभाच आणायला सांग. आडवा करावाच लागला तर जागेवर आणून २४ तास उभा ठेव, म्हणजे तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरेल. मागच्या बाजूला हवेला जागा सोड.

सौदा पक्का करण्याआधी नेमप्लेटचा फोटो आणि दर १५ मिनिटांचे आकडे पाठव, मी बघतो.