चर्चमध्ये गाणी कशी निवडायची आणि मंडळी गायलाच लागेल असं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की पाळकसाहेबांनी रविवारच्या भक्तीत गाणी निवडायची आणि चालवायची जबाबदारी तुमच्यावर टाकलीय, तरुणांना यूट्यूबवरची हिंदी गाणी हवीत, मोठ्यांना ‘उपासना संगीत’ हे आपलं मराठी गीतांचं पुस्तक सोडून दुसरं चालत नाही, आणि गाणं सुरू झालं की पुढचे चार जण सोडून कोणी तोंड उघडत नाही. मी आमच्याकडे बरीच वर्षं पेटी वाजवतो आणि गाणीही चालवतो, त्यावरून सांगतो.

जुनं की नवं हा वाद जरा बाजूला ठेवा, आधी पट्टी बघा, म्हणजे गाणं कोणत्या सुरात धरायचं ते. रेकॉर्डिंगमधला गायक उंच आवाजाचा असतो, आपला बँड त्याच पट्टीत वाजवतो, ध्रुवपद कसंबसं निघतं आणि अंतरा वर चढला की काकालोक एकदम खालच्या सप्तकात उतरतात, बायका नुसते ओठ हलवतात, आणि माइकवर जो आहे त्याला पत्ताच नसतो कारण मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो. म्हणून घरीच गाण्यातला सगळ्यात वरचा स्वर शोधा, तो पेटीवर वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या, म्हणजे इंग्रजी D च्या), फार तर पांढरी तीनच्या पुढे जात असेल तर पट्टी खाली आणा. सकाळची पहिली भक्ती असेल तर अजून थोडी खाली, झोपेतून उठलेले गळे असतात.

निवडताना सुरुवात वाचनापासून करा. पाळकांकडून त्या रविवारचे उतारे आणि उपदेशाचा विषय दोन-तीन दिवस आधी मागून घ्या. पापांगीकारानंतर, म्हणजे पापं कबूल करायच्या प्रार्थनेनंतर, उड्या मारायचं गाणं नको आणि पुनरुत्थानाच्या सणाला रडवं नको, एवढं तर कळतंच, पण खरी गंमत प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या वेळच्या, गाण्याची आहे. लोक उठून पुढे जातात, हातात पुस्तक नसतं, त्यामुळे तिथे पाठ असलेलं, ध्रुवपदावर परत परत येणारं गाणंच घ्या, रांग लांबली तर तेवढंच वाढवता येतं.

नव्या गाण्यांना माझा अजिबात विरोध नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि पुढे त्यांनी ख्रिस्ताची गाणी अभंगात आणि देशी चालींवर लिहिली, तेव्हा तीही नवीनच होती ना! लोकांच्या तोंडी ती बसली कारण चाल ओळखीची होती. याचा आजही उपयोग होतो बरं का. गाण्याचे शब्द त्या दिवसाला अगदी फिट आहेत पण चाल कोणालाच येत नाही असं झालं तर छंद बघा, मोठा अभंग असेल, म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरं, तर दुसऱ्या माहितीतल्या अभंगाच्या चालीवर तो सरळ बसतो.

नवीन गाणं महिन्याला एकच. लोक येऊन बसत असतात तेव्हा नुसती पेटीवर चाल वाजवा, मग क्वायरने एक कडवं म्हणायचं, मग सगळ्यांनी, आणि तेच गाणं सलग तीन रविवार ठेवा. एकदा म्हणून सोडून दिलं की ते वायाच गेलं समजा.

आणि चालवताना घाई नको. नंबर दोनदा सांगा, पहिली ओळ वाचा, पानं उलटल्याचा आवाज थांबला की मगच सूर द्या. कडव्यांमध्ये श्वास घ्यायला जागा द्या आणि तुम्ही स्वतः मोठ्याने श्वास घ्या, लोक तुमच्याबरोबर उचलतात. ध्रुवपद आलं की माइकपासून चक्क लांब व्हा. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात प्रेषित पौल स्तोत्रं आणि गीतं एकमेकांना म्हणायला सांगतो, आता शेजारच्याचा आवाजच कानावर येत नसेल तर एकमेकांना काय म्हणणार?

तरुणांना वेगळा स्लॉट देऊ नका, मग दोन चर्च झाल्यासारखं होतं. गिटारवाल्या पोराला उपासना संगीतातलं गाणं वाजवायला द्या आणि हिंदी गाण्याचं एक कडवं एखाद्या मावशींना म्हणायला सांगा, प्रॅक्टिस मात्र एकत्रच. तबल्याला कोणी नसेल तर झांज आणि टाळ्यांवर भजनी ठेका मस्त चालतो, ड्रमसेट यायची वाट बघत बसू नका.