लातूरला दोन वर्षं राहायचं आहे. रोज कुठं जेवावं आणि लातूरचं म्हणून काय खावं?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या नीटच्या तयारीसाठी रत्नागिरीहून लातूरला दोन वर्षं राहायला येताय. मोठी, महागडी हॉटेलं नकोत. रोज जेवता येईल अशी साधी, चांगली ठिकाणं कशी ओळखायची आणि लातूरचं खास म्हणून काय खायचं, हे तुम्हाला हवंय. मी इथल्या मार्केट यार्डात एका आडतीवर (शेतमालाच्या दलालीच्या दुकानावर) एकवीस वर्षं मुनीम आहे. तूर, हरभरा, सोयाबीन हेच रोज हातातून जातं आणि दुपारचं जेवण बहुतेक बाहेरच होतं. त्यामुळं तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटलं.

पहिली गोष्ट, एकाच हॉटेलात सगळं चांगलं मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. लातुरात सकाळचं खाणं एकीकडं चांगलं, दुपारचं दुसरीकडं आणि रात्रीचं तिसऱ्याच रस्त्यावर. जो गाडा सकाळी दोनच पदार्थ करतो आणि दहा-साडेदहाला भांडी घासायला घेतो, त्याच्याकडं निर्धास्त जा. शंभर पदार्थांचं मेनूकार्ड असलेल्या ठिकाणी मी पाहुण्यांना नेत नाही.

सकाळी सुशीला खा. कोकणात हा शब्द कानावर आला नसेल. मुरमुरे पाण्यात भिजवायचे, दाबून पाणी काढायचं आणि कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, हळद यांच्या फोडणीत परतायचे. वरून डाळव्याची (भाजलेल्या हरभरा डाळीची) पूड आणि भरपूर कोथिंबीर. पोह्यांपेक्षा हलकी, आणि गार झाली की गेली. म्हणून ती कढईतून थेट ताटलीत पडते तिथंच खावी. झाकून ठेवलेली घेऊ नये. गंजगोलाईच्या आसपास सकाळी फिरा. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, मधोमध जगदंबेचं देऊळ आहे, आणि बाजार उघडायच्या आधी दुकानांतली माणसं जिथं उभ्यानं खात असतात तिथं तुम्हीही उभे राहा. कोथिंबिरीचा वास जरा नीट घेऊन बघा. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामात तिची जुडी पिशवीत असली तर एसटीत शेजारी बसलेल्याला कळतं.

दुसरा पदार्थ निलंगा राइस. नावावरून मोठं काही वाटेल, पण हा गाड्यावरचा मसालेदार, तिखट भात. वर कच्चा कांदा आणि लिंबू. निलंग्याचा म्हणून तो लातुरात आला आणि आता क्लासच्या पोरांचा तो मोठा आधार आहे. भातावर वाढलेल्या तुमच्या मुलीला पहिल्या आठवड्यात हाच जवळचा वाटेल. मात्र तिखट असतो, तेलही बऱ्यापैकी असतं, रोज नको. पातेलं नुकतंच उघडलेलं असेल तेव्हाचा आणि तळाशी आलेला यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता दुपारच्या जेवणाकडं येतो, कारण माझ्या मते लातूरची खरी ओळख तिथं आहे. हे डाळीचं गाव. डाळ मिला इथं, तुरीचा सौदा इथं, आणि तरीही वाईट वरण देणारी हॉटेलं याच गावात आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नवीन ठिकाणी गेलो की मी पनीर वगैरे काही मागवत नाही. ज्वारीची भाकरी, साधं वरण किंवा आमटी, एक माळवं (म्हणजे भाजी, हा शब्द इथं रोज ऐकाल) आणि ठेचा. एवढ्यात त्या हॉटेलाची परीक्षा होते. भाकरी फुगून पापुद्रा सुटलेली असली, थापणारी बाई समोर दिसत असली आणि तव्यावरची थेट ताटात आली, तर बाकीचंही नीट असतं. भाकरी मोडताना कडेला चिरा पडून चुरा झाला तर पीठ जुनं आहे. ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही, कडवट होतं, आणि जो मालक पीठ ताजं दळून आणतो तो तेलही ताजं वापरतो, असा माझा अनुभव आहे.

वरण हे नुसतं पिवळं पाणी नसावं. डाळ आणि पाणी वेगवेगळं दिसत असेल तर घाईत उकळून वाढलंय असं समजा. निलंगा तालुक्यात बोरसुरी नावाचं गाव आहे, तिथल्या तूरडाळीलाही २०२४ मध्ये मानांकन मिळालं. मी ती डाळ पहिल्यांदा खाल्ली ती आडतीवर, एका शेतकऱ्यानं वाणवळा (शेतातली भेट) म्हणून आणून दिलेली. घरी बायकोनं नुसती हळद, मीठ आणि लसणाची फोडणी घातली. शिजतानाच वास शेजारच्या घरात गेला. त्यानंतर मी बाजारच्या पॉलिश केलेल्या डाळीकडं वळलो नाही. तुम्ही बिऱ्हाड करून राहणार असाल तर पहिल्याच महिन्यात पाच किलो बोरसुरी डाळ ओळखीच्या माणसाकडून घ्या. नाव सांगून दुसरीच डाळ विकणारे आहेत, म्हणून दुकानात पाटी बघून घेऊ नका; निलंग्याकडचा कुणी ना कुणी तुमच्या सोसायटीत भेटेलच, त्याला सांगा.

मुलीच्या खाणावळीबद्दल थोडं सविस्तर लिहितो. माझा भाचा परभणीहून इथं शिकायला आला होता. ट्युशन एरियातल्या एका मेसचा त्याला डबा लावला. चव चांगली होती म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो. तीन महिन्यांनी पोराचं पोट बिघडलं ते बिघडलंच. रोज छातीत जळजळ, अभ्यासाला बसवेना. मी एक दिवस दुपारी अडीचला तिथं जाऊन उभा राहिलो. तळणाचं तेल काळं पडलेलं, आणि सकाळच्या भाजीत संध्याकाळची फोडणी. त्याच दिवशी डबा बंद केला. आधीच बघायला गेलो नाही याची मला अजून रुखरुख आहे.

तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येक पालकाला सांगतो, मेस बघायला जेवणाच्या वेळेला जाऊ नका, जेवण संपताना जा. पोरं उठून गेल्यावर ताटात काय उरलंय ते बघा. भाजी उरलेली आणि नुसतं लोणचं-पोळी संपलेली दिसली तर वेगळं काही विचारायची गरज नाही. उष्ट्याची बादली भरलेली असेल तर मुकाट्यानं परत या. दुसरं, पाणी कुठून येतं आणि टाकी कधी धुतली ते विचारा. लातूरला पाण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस ज्यांनी काढले ते पाण्याचा प्रश्न टाळत नाहीत, सरळ उत्तर देतात. जो टाळतो त्याच्याकडं डबा लावू नका. आणि शक्य असेल तर मोठ्या मेसपेक्षा घरी दहा-पंधरा डबे करणाऱ्या एखाद्या काकूंकडं जा. त्या आठवड्याला दोनदा धपाटं आणि दही देतील, एखाद्या दिवशी वरणफळ देतील. तुमच्या मुलीला तिखट कमी हवं हे त्यांना तोंडानं सांगता येतं, मेसला सांगता येत नाही.

मोबाइलवरचे रेटिंगचे तारे मी फारसे बघत नाही. एसी, झुंबर आणि वाढदिवसाचं टेबल यांना तिथं तारे मिळतात. फोटोंत मात्र तवा आणि चूल कुठं दिसते का ते बघतो.

मटण खात असाल तर आधी आळणी मागा. मसाला पडायच्या आधीचा हळद-मिठाचा पिवळा रस्सा म्हणजे आळणी. वाटीभर गरम आळणी पुढं आली आणि तिला मटणाची स्वतःची चव असली तर पुढचं सुक्कं आणि काळा रस्सा बिनधास्त खा. ज्वारीची नाहीतर बाजरीची कडक भाकरी कुस्करून त्यावर रस्सा घ्यायचा. आखाडात मात्र या ठिकाणी बसायला जागा मिळत नाही आणि घाईत मटण कच्चं राहतं. श्रावणाच्या तोंडावरच्या त्या आठवड्यात मी जात नाही. माशांचं सांगायचं तर समुद्राची चव इथं शोधू नका. गोड्या पाण्याचे रोहू, कटला, मरळ मिळतात. तुम्हाला त्यात समाधान वाटेल असं मला वाटत नाही.

आणखी एक चव इथं आहे, ती हॉटेलात क्वचितच नीट मिळते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या काळाची चव इथल्या मुस्लिम घरांतल्या खिचडी-खट्ट्यात अजून जिवंत आहे. मसुरीची पिवळी खिचडी, सोबत खिमा, आणि चिंच, तीळ, शेंगदाणे यांचा आंबट, पातळ खट्टा. माझ्या आडतीवरच्या एका जुन्या हमालाच्या घरी ईदच्या दुसऱ्या दिवशी मी हे जेवतो. शाकाहारी असाल तर नुसती खिचडी आणि खट्टाही पुरतो. चिंच निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची मिळाली तर खट्ट्याला गोडसर धार येते. त्या चिंचेलाही २०२४ सालीच मानांकन मिळालं, बोरसुरीच्या डाळीबरोबर. शेजारीपाजारी ओळख वाढवा. हे जेवण पैसे देऊन मागवायचं नाही, कुणी बोलावलं की नाही म्हणू नका.

गोडाचं विचाराल तर उजनीची बासुंदी. ही उजनी धरणाची नव्हे, आमच्या औसा तालुक्यातली. औशाच्या पुढं तुळजापूर-सोलापूरच्या रस्त्यावर हे गाव लागतं. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जाल तेव्हा परत येताना थांबा. जाताना प्याल तर पुढं दर्शनाच्या रांगेत जड होतं. बासुंदी दूध आटवून केलेली, साय दाताखाली येणारी असते. थंडगार नको म्हणून सांगा. साधी, कोमट असली की आटलेल्या दुधाचा खरपूस वास लागतो. तसंच कधी बीडच्या वाटेनं गेलात तर मांजरसुंब्याला रबडी खा, आणि नांदेडला गेलात तर सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला बसा. तिथली डाळ आणि रोटी मी वर्षातून एकदा तरी खातोच.

हॉटेलात न मिळणाऱ्या गोष्टींत येसर आधी सांगतो. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाला एकत्र दळून केलेलं हे पीठ. त्याची आमटी लग्नाघरी हमखास असते. भुसार बाजारात किंवा बचत गटाच्या महिलांकडं येसर तयार मिळतं. पाव किलो आणा, घरी दहा मिनिटांत आमटी होते आणि भातावरही छान लागते. रत्नागिरीच्या माणसाला हे पटकन आवडेल.

आणि येळवस. पंचांगात वेळ अमावस्या म्हणतात, मार्गशीर्षातली. डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येते. त्या दिवशी जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते आणि दुपारी लातूर ओस पडतं, चहासुद्धा मिळायची मारामार. तुम्ही नवीन असाल आणि हे माहीत नसेल तर उपाशी राहाल, म्हणून मुद्दाम सांगतोय. सगळी माणसं शेतात गेलेली असतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप (खोपटी) उभी करतात, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा होते, आणि आंबील शिंपडत ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत रानाला फेरी घालतात. गावागावात त्याचा उच्चार थोडा बदलतो. कर्नाटक आम्हाला जवळच आहे.

त्या दिवसाचं जेवण म्हणजे भज्जी. तळलेली भजी नव्हेत. तुरीचे ओले दाणे, वाल, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे आणि त्या हंगामात मिळेल ते माळवं बेसनात घोटून शिजवलेलं घट्ट कालवण. सोबत बाजरीच्या पिठाचे उंडे (उकडलेले गोळे), ज्वारीची आंबट भाकरी, तिळाची आणि शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर. आणि मडक्यात ठेवलेली ताकातली आंबील, लसणाचा वास असलेली. घरोघरी बायका आदली रात्र जागून हे करतात. कुणाच्याही शेतात गेलात तरी जेवल्याशिवाय सोडत नाहीत. ओळख लागत नाही.

तुम्ही जूनमध्ये येणार असं लिहिलंय, म्हणजे येळवशीला तुम्ही इथं असाल. मुलीला क्लासची सुट्टी असेल, तिला घेऊन या. आमचं रान रेणापूरच्या बाजूला आहे. इथंच निरोप टाका, मी रस्ता कळवतो. घरून डबा आणू नका, नुसते पाण्याचे दोन तांबे आणा. आणि आंबील पहिल्यांदा पीत असाल तर दोन पेल्यांवर थांबा, नाहीतर भज्जीला पोटात जागा राहत नाही.