रंगाचा रोलर आणि मणक्याचं केरिसन पंच: नवं हत्यार घडवताना फरक कुठे पडतो?

रोलर चुकला तर भिंत पुन्हा रंगवता येते; केरिसन (मणक्याच्या शस्त्रक्रियेत हाड थोडं थोडं कातरायचं हत्यार) चुकलं तर तसं सहज सावरता येत नाही, हा पहिला फरक. टोरंटोच्या नॉर्मन ब्रेकी यांनी १९४० च्या सुमारास रोलर काढला. सुधारणा करायचीच तर फिरण्यात करा: जाम फिरला की घसरतो नि पट्टे उठतात, फार मोकळा फिरला की शिंतोडे. गुळगुळीत भिंतीला रोलरवरची लव ९-१० मिमी पुरते.

खरी डोकेफोड केरिसनमध्ये आहे. मूठ दाबली की वरची दांडी खालच्या दांडीवरून पुढे सरकते आणि टोकाच्या पातळ पायाशी हाड कातरलं जातं. चावा, म्हणजे एका वेळी कातरल्या जाणाऱ्या हाडाची रुंदी, १ ते ६ मिमी. तो पाया हाड आणि मज्जारज्जूचं आवरण (ड्युरा) यांच्या मधे सरकवायचा असतो. जाड ठेवलात तर नसा दाबल्या जातात, पातळ केलात तर वाकतो. मग पातं नीट मिटत नाही, तुकडा अर्धवट तुटतो. सर्जनला तो ओढावा लागतो आणि ड्युरा फाटतो. बोथट धारेनेही हेच होतं.

दुसरी अडचण खाचेची. दोन दांड्यांमधल्या खाचेत रक्त आणि हाडाचा चुरा अडकतो. दांड्या सुट्या होत नसतील तर ऑटोक्लेव्हआधी (वाफेने निर्जंतुक करण्याआधी) खाच साफ होत नाही, आणि वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. म्हणून नमुना करताना सुटं करण्याची सोय आधी, मुठीचा आकार नंतर. मुठीची स्प्रिंगही फार कडक नको. एका शस्त्रक्रियेत ती असंख्य वेळा दाबावी लागते.