चतुर्दशीचं पान कुणासाठी असतं

लाडक्या चिन्मू,

काल गाडीत तू विचारलंस की पंचमीला आजोबांचं पान ठेवून झालं होतं ना, मग परत खीर-वडे कशाला, हे पान कुणाचं आणि ते लोक आपले कोण लागतात. ट्रॅफिकमध्ये धड सांगता आलं नाही म्हणून लिहितेय, सावकाश वाच, कुठे अडलं तर विचार.

भाद्रपदाच्या दुसऱ्या पंधरवड्यात आपल्याकडे गेलेल्या माणसांना जेवू घालतात, आमच्या साताऱ्याकडे त्याला म्हाळ म्हणतात. माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याचं पान. तुझे आजोबा म्हणजे माझे आबा पंचमीला गेले, घरीच, आजारपणात, म्हणून त्यांची पंचमी. पण चतुर्दशी असते ती शस्त्राने, लढाईत गेलेल्यांची, आणि त्या दिवशी आबा दरवर्षी त्यांच्या पलटणीतल्या मित्रांचं पान मांडायचे.

आबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते, जंगी पलटण म्हणतात तिला. 1971 च्या डिसेंबरात, बांगलादेश अजून पूर्व पाकिस्तान होता तेव्हा, ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली. भारतीय ब्रिगेडियरने शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर जमालपूरच्या पाकिस्तानी कर्नलने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मग 10 तारखेच्या रात्री ते पाकिस्तानी शहरातून बाहेर पडायला निघाले आणि थेट मराठ्यांच्या मोर्चेबंदीवर आले, रात्रभर लढाई झाली, 11 ला जमालपूर पडलं. पुढे टांगाईल आणि 16 ला ढाका. शाळेत मी हे सगळं ऐटीत सांगायचे, पण आबा ढाक्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत, ते त्या रात्रीबद्दलच बोलायचे, तेही वर्षातून एकदाच, चतुर्दशीला.

भावकीतले लोक म्हणायचे, ते ना आपल्या रक्ताचे ना आपल्या कुळातले, त्यांचं पान आपल्या घरात कशाला? आबा एवढंच म्हणायचे, एका लंगरात जेवलोय आम्ही. (लंगर म्हणजे फौजेतलं स्वयंपाकघर.) मला तर वाटतं आबांचंच बरोबर होतं, कारण म्हाळाला ज्यांची नावं घेतात त्यात आईवडील, काका-मामा, गुरू असतात तसे मित्रही असतात. त्या दिवशी गावातले रिटायर्ड फौजी जेवायला यायचे आणि आबा स्वतः वाढायचे, आजीला उठूच द्यायचे नाहीत, खीर, वडे, अळूची भाजी, कढी, आणि सगळ्यांचं झाल्यावर स्वतः बसायचे.

तू म्हणालीस आजोबा स्ट्रिक्ट असतील ना. नव्हते गं! मी लहान असताना ते लांब असायचे, पत्त्यावर गावाचं नाव नाही, नुसतं मार्फत 99 एपीओ (म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस). पण प्रत्येक आंतरदेशीय पत्रात खाली माझ्यासाठी एक गणित असायचं, मी उत्तर लिहून पाठवायचे आणि पुढच्या पत्रात मार्क यायचे, चुकलं असेल तर कसं सोडवायचं ते बारीक अक्षरात, कडेच्या जागेत सुद्धा. थंडीत कुठल्या तरी डोंगरावर बसून हा माणूस तिसरीतल्या मुलीची वजाबाकी तपासत होता, हे आता आई झाल्यावर मला जास्त कळतंय. हवालदार म्हणून रिटायर होऊन आले त्या वर्षी आजी खूप आजारी होती, तर दोन वेण्या घालायला शिकले, इतक्या घट्ट घालायचे की संध्याकाळपर्यंत एक केस हलायचा नाही. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा पहाटेच्या एसटीला सोडायला रोज बॅटरी घेऊन यायचे आणि गाडी वळेपर्यंत थांबायचे.

गावी मामा सगळं रीतसर करतो. मुलीने पान ठेवायचं नसतं असं मला सांगणारे भेटले, मी ठेवते आणि ठेवणार. इथे मेलबर्नला कावळ्याच्या आधी मॅगपाय येतो, येऊ दे, त्याला हाकलू नकोस. आणि तू जे विचारलंस ना, ते आपले कोण लागतात, ते आबांचे लागतात म्हणून आपले लागतात.

पुढच्या वर्षी वडे तू थाप, मी तळते. आबांच्या डायरीत त्या मित्रांची नावं आणि गावं लिहिलेली आहेत, ती डायरी आजीकडे आहे. रविवारी फोन केलास की तिच्याकडून नावं लिहून घे, मराठीत लिही, आणि जमालपूरचंही विचार, तिला आबांनी माझ्यापेक्षा बरंच जास्त सांगितलंय.

तुझी,
आई