इथेनॉलचे अनुदान नेमके कोणाच्या खिशातून?

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२५-२६ वर आणले आणि ते गाठलेही. मात्र ऊस, मका आणि तांदूळ यांपासून होणाऱ्या या इंधनाला सरकारी आधार किती असावा, याविषयी नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत एकमत नाही. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न (सिडको, नाशिक): अर्थसंकल्पात इथेनॉलच्या नावाने फार मोठी रक्कम दिसत नाही, मग अनुदान म्हणतात ते कोणते? आणि गाडीचे ॲव्हरेज कमी झाले, त्याचे काय?

उत्तर: रोख मदत तुलनेने थोडीच आहे. २०१८ पासूनच्या योजनेनुसार इथेनॉल प्रकल्पाच्या कर्जावर सहा टक्के किंवा व्याजदराच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल तेवढे व्याज केंद्र सरकार पाच वर्षे सोसते. मिश्रणासाठीच्या इथेनॉलवरील जीएसटी डिसेंबर २०२१ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आला. खरा आधार आहे तो मिश्रणाच्या उद्दिष्टाचा आणि आधी ठरलेल्या खरेदीदराचा. अमेरिकेत गॅलनमागे ४५ सेंटची करसवलत २०११ अखेर संपली, तरी मक्यापासूनचे इथेनॉल थांबले नाही, कारण मिश्रणाची कायदेशीर सक्ती कायम होती.

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. वीस टक्के मिश्रणासाठी न बनलेल्या जुन्या चारचाकीचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता. पंपावरचा दर त्या प्रमाणात उतरला नाही. म्हणजे अनुदानाचा एक हिस्सा आपणच टाकी भरताना देत आहात.

प्रश्न (येवला): इथेनॉलमुळे मक्याला गिऱ्हाईक मिळाले. हा आधार काढा म्हणणारे शेतकऱ्यांच्या मुळावर उठलेले नाहीत का?

उत्तर: प्रथम हिशेब पाहू. एक टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघते आणि तेल कंपन्यांच्या लिटरला ७१ रुपये ८६ पैसे या खरेदीदराने त्याचे सुमारे २७,३०० रुपये होतात. क्विंटलला २,४०० रुपये या २०२५-२६ च्या हमीभावाने त्याच टनाची किंमत २४,००० रुपये आहे. उरलेल्या तीन हजार तीनशे रुपयांत कोळसा, वीज, मजुरी आणि व्याज भागवणे अवघड असते, म्हणून प्रकल्पाची मदार टनामागे सुमारे ३०० किलो निघणाऱ्या डीडीजीएस या पेंडीवर असते. ही प्रथिनयुक्त पेंड पशुखाद्यात आणि कोंबडीखाद्यात सोयापेंडीच्या जागी जाते, आणि सोयापेंडीचा उठाव कमी झाला की सोयाबीनचा भाव दबतो. ज्याच्या एका वावरात मका आणि शेजारच्या वावरात सोयाबीन आहे, त्याने हे अनुदान दोन्ही पिकांवर मोजले पाहिजे. इथेनॉलमुळे खाद्याचा मका महागला, ही जिल्ह्यातील पोल्ट्रीवाल्यांची तक्रारही निराधार नाही. मका एके काळी निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये निव्वळ आयातदार झाला.

मक्याच्या चांगल्या खरेदीदराला माझा विरोध नाही. माझा आक्षेप आहे तो तांदळाला. जानेवारी २०२५ मध्ये अन्न महामंडळाच्या तांदळाचा इथेनॉलसाठीचा दर क्विंटलला २,८०० वरून २,२५० रुपयांवर आणला गेला, वास्तविक तो खरेदी करून साठवण्याचा सरकारी खर्च याहून पुष्कळ अधिक आहे. करदात्याच्या पैशाने स्वस्त केलेला हा तांदूळ प्रकल्पाच्या दारात आपल्याच मक्याशी स्पर्धा करतो. शेतकऱ्यांच्या मुळावर कोणी उठले असेल, तर ते शोधायला फार लांब जावे लागत नाही.

प्रश्न (निफाड): इथेनॉलमुळे उसाला जास्त पैसे मिळतील, असे सांगितले गेले. ते आमच्यापर्यंत का येत नाहीत?

उत्तर: उसाचे इथेनॉल तीन प्रकारे होते. साखर पूर्ण काढून उरलेल्या सी-हेवी मळीपासून टनामागे दहा-अकरा लिटर, काही साखर सोडलेल्या बी-हेवी मळीपासून साधारण दुप्पट आणि थेट रसापासून सुमारे सत्तर लिटर. बी-हेवीचा ६० रुपये ७३ पैसे आणि रसाचा ६५ रुपये ६१ पैसे हे दर २०२२-२३ मध्ये ठरले आणि पुढच्या हंगामांतही तेथेच राहिले. त्याच काळात एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, क्विंटलला ३०५ वरून ३५५ रुपयांवर गेली. त्यातच ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपात, रसापासूनच्या इथेनॉलवर बंदी आली आणि आठवडाभरात मर्यादेसह ती शिथिल झाली. कर्ज काढून उभा केलेला प्रकल्प असा एका आदेशाने थांबतो, तेव्हा कारखान्याच्या हातात खेळता पैसा राहत नाही आणि शेतकऱ्यांची उसाची बिले लांबतात.

मात्र उसाला अधिक आधार मागताना पाण्याचाही विचार करावा. नीती आयोगाच्या आकड्यांनुसार उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. गंगापूर आणि दारणेचे पाणी जायकवाडीला सोडण्यावरून दुष्काळी वर्षांत भांडण होणाऱ्या जिल्ह्यात सी-हेवी मळीला जास्त आणि रसाला कमी प्रोत्साहन देणे मला योग्य वाटते. मळी साखरेबरोबर निघतेच. तिच्यासाठी वेगळा ऊस लावावा लागत नाही.

प्रश्न (नांदगाव): मग धान्याऐवजी मक्याच्या ताटांपासून इथेनॉल का करत नाहीत?

उत्तर: तंत्रज्ञान आहे. पानिपत येथे इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला आणि अशा प्रकल्पांसाठी २०१९ पासून केंद्राची स्वतंत्र योजनाही आहे. खर्च मात्र अजून धान्याच्या इथेनॉलपेक्षा बराच जास्त येतो. शिवाय पंजाब-हरियाणात पेंढा जाळला जातो. आपल्याकडे मक्याची ताटे कुट्टी करून जनावरांना घातली जातात किंवा त्यांचा मुरघास होतो. तेव्हा नांदगावात असा प्रकल्प मागण्याआधी उन्हाळ्यात वैरण कितीला मिळते, ते विचारून पाहावे.